दस्तीखालचं चौथं बोट

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. गंगाखेडच्या बाजारात दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातात हात देतात, वरून दस्ती टाकतात, म्हणजे आपला खांद्यावरचा रुमाल, आणि त्या रुमालाखाली बोटं बोलू लागतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. वर मात्र दोघंही आभाळाकडे बघत असतात. भोवती कितीही गर्दी असली तरी आत काय ठरलं ते कुणाला कळत नाही. मी या धंद्यातला तिसऱ्या पिढीचा हेडी, जनावरांचा दलाल. खरं सांगायचं तर रंगमंच मिळाला नाही म्हणून मी बाजारात उभा राहिलो. नाक मुरडणं, पाठ फिरवून निघून जाणं, परत येऊन छातीवर हात ठेवणं, हे सगळं मी इतक्या मनापासून करतो की बैलसुद्धा रवंथ थांबवून बघतात.

लेक लहानपणी बाजाराच्या दिवशी माझ्याबरोबर यायची. परतताना एसटीत आमच्या दोघांच्या हातांवर दस्ती असायची आणि समोरच्या बाकावर तिची आई. एक बोट म्हणजे केळं, दोन म्हणजे जिलेबी, तीन म्हणजे मला उद्या शाळेला जायचं न्हाई. आम्ही दोघं खिडकीबाहेर ज्वारीकडे बघत बसायचो. आईला वाटायचं, किती गुणी बाप-लेक.

तीच लेक परभणीहून कॉमर्सची पदवी घेऊन आली आणि म्हणाली, मला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय.

तिचे मामा निवृत्त मास्तर. ते लगेच म्हणाले, "बँकेतच जायचंय तर परीक्षा दे. पाथरीच्या शाखेत लागलीस की डबा घेऊन जाय अन् संध्याकाळी घरी ये."

"मामा, त्या बँकेत खाती नसतात," ती म्हणाली. "एका कंपनीला दुसरी कंपनी विकत घ्यायची असती. घेणारा एक, विकणारा एक. मधला माणूस किंमत काढतो, दोघांना एका जागी बसवतो आणि सौदा पटवतो."

मी ताडकन उठलो. "अगं, म्हणजे हेडी!"

"पप्पा, तसंच समजा."

"झालं!" तिची आई कपाळावर हात मारून म्हणाली. "वाटलं होतं, घरातला एक तरी माणूस या धंद्यातून सुटंल."

त्या दुपारी बाजारात लिंबाखाली मला डुलकी लागली. डोळ्यांसमोर समुद्र आला, आणि समुद्राच्या काठानं काचेच्या उंच उंच इमारती चालत आल्या. गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला गुलाल. एकेक येऊन आपापल्या खुंट्यापाशी उभी राहिली आणि शेपटीनं ढग हाकू लागली. सुटाबुटातली माणसं हातांवर दस्त्या टाकून लाटांकडे बघत होती. माझी लेक रांगेतून चालली होती. एका सिमेंट कारखान्याचा जबडा उघडून तिनं आत बघितलं आणि मागं वळून मला म्हणाली, "पप्पा, हा वय चोरायलाय." मी जागा झालो तर समोर लालकंधारी गोऱ्हा माझी टोपी चाटत होता. पण ती लाटांची गाज दिवसभर माझ्या कानांत होती, आणि त्या दिवशी मी सगळे सौदे जरा हळू आवाजात केले.

प्रश्न उरला तो पुढं शिकायच्या विद्यापीठाचा. तिची निवड तीन ठिकाणी झाली होती आणि घरात प्रत्येक विद्यापीठाला एकेक वकील मिळाला. मामा पुण्याचे, कारण त्यांचा मुलगा तिथं होता. तिची आई हैदराबादची, कारण परभणीत गाडीत बसलं की सरळ हैदराबादला उतरता येतं. आणि माझे थोरले बंधू, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, ते दिल्लीचे. का, तर नाव मोठं. लग्नाच्या पंगतीत सांगताना माणसाची मान कशी ताठ राहते! दादांनी आमच्या वतीनं दिल्ली बाजारभर सांगूनही टाकली होती.

रविवारी सगळे ओसरीवर बसले. लेक खांबाला टेकून होती.

"पोरीला इचारा की," मी म्हणालो.

"तिला काय इचारायचं? दिल्लीच म्हणायलीय ती," दादा म्हणाले.

"तिनं तोंड तरी उघडलंय का?" मामा म्हणाले. "आमच्या पुण्यात..."

"मामा, तुमचं पुणं ठेवा तुमच्या पिशवीत."

"दाजी, बघा हो, तुमचे दादा कसं बोलायलेत!"

लेकीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. जनावर विकायला आणलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखतो. मनातला भाव एक आणि भोवतालच्या गलक्यात ओठांवर भलताच. पुढची सगळी वर्षं जिला काढायची होती, तिलाच कुणी बोलू देत नव्हतं.

मी खांद्यावरची दस्ती काढली, झटकली, थोडी हवेत फिरवली (एवढं तर हवंच) आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. हात पुढे केला. ती हसली. तिनं हात दिला, मी वरून दस्ती टाकली.

"एक पुणं," मी आढ्याकडे बघत मोठ्यानं म्हणालो. "दोन हैदराबाद. तीन दिल्ली. बोल."

तिनं माझी चार बोटं धरली.

चौथं विद्यापीठ तर कुणी काढलंच नव्हतं. मी आढ्याकडे बघतच राहिलो. चेहरा हलू द्यायचा नाही, ही माझ्या आजोबांची शिकवण. मी तिची चार बोटं दाबून परत विचारलं. तिनं परत चारच दाबली. लटका भाव सांगणाऱ्याची पकड सैल असते. ही पकड घट्ट होती, आणि तळव्याला घाम होता.

भर ओसरीत विचारलं असतं तर सगळे तिच्यावर तुटून पडले असते. मी दुसऱ्या हातानं खिशातलं एक नाणं काढलं, दस्तीखाली सरकवलं आणि तिची मूठ मिटवली.

"विसार दिला," मी म्हणालो. "सौदा पटला."

"अरे पण कोणतं?" दादा ओरडले.

"दस्तीखालचं हाय, दादा."

दादांचं अर्धं आयुष्य याच बाजारात गेलेलं. विसार दिलेला सौदा मोडायचा नसतो आणि दस्तीखालचं विचारायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. ते उठले, चपला घातल्या आणि चहा न घेता गेले. माझ्यावर मात्र वेगळाच प्रसंग आला होता. कशाला हो म्हटलं, ते मलाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. पाणी इतकं संथ होतं की नदी झोपेत कूस बदलायची विसरून गेली असावी.

"मुंबईला बी निवड झालीय माझी, घरी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "लहान विद्यापीठ. नाव कुणाला माहीत न्हाई, पप्पा. इमारत बी साधीच. दादा हसतील."

दादांनी बाजारभर सांगितलेली दिल्ली मला आठवली. पण नाणं तिच्या मुठीत होतं. मग मी हेडी झालो. "दात दाखव त्याचे."

तिनं दाखवले. तिथं शिकून निघालेल्या मुलींशी ती फोनवर बोलली होती. आणि सगळ्यांना, तिन्ही ठिकाणी शिकलेल्यांनासुद्धा, एकच गोष्ट विचारली होती: तुमच्या दारात माणसं घ्यायला कोण येतं? दिल्लीचं नाव मोठं, पण ज्या विषयाला तिची निवड झाली होती, त्या वर्गात असल्या बँकांचं कुणी फिरकत नव्हतं. पुण्यात, हैदराबादमध्ये येत होते, पण दुसऱ्या कामासाठी. या लहानग्या ठिकाणी शिकवणारेच त्या धंद्यातून आलेले, आणि शिकतानाच काही महिने मुलांना बँकेत बसवून खऱ्या सौद्यांवर काम करायला लावत.

"आणि तरी न्हाई मिळाली नोकरी तर?" मी विचारलं.

"तर न्हाई मिळाली. पण मी बाजारात तरी उभी असंल. दिल्लीला बाजारच न्हाई, नुसती कमान हाय."

मी नदीकडे बघत राहिलो. पैलतीरावर काचेच्या इमारती पाण्याला आल्यासारख्या वाटल्या. नुसती शिंगं बघून बैल घेणाऱ्यांना मी जन्मभर हसलो होतो, आणि माझं सगळं घर ओसरीवर बसून शिंगंच मोजत होतं. दात बघितले होते ते एकट्या लेकीनं.

मामांना आणि तिच्या आईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मामा म्हणाले, "मुंबईहून पुणं जवळच हाय म्हणा," आणि विजयी मुद्रेनं चहा प्याले. आई लेकीसाठी चटणीचे डबे भरू लागली, म्हणजे कबूल. दादांनी फक्त ऐकून घेतलं. ना हो म्हणाले, ना नाही. तिचे बालपणीचे सगळे हट्ट दादांनी पुरवलेले. त्यांच्या तोंडून एक शब्द येईना म्हणून ती जाण्याच्या दिवसापर्यंत कावरीबावरी होती.

परभणी स्टेशनवर दादा आले ते सगळ्यात शेवटी. गाडी फलाटाला लागलेली. ते सरळ खिडकीपाशी गेले, गजांतून हात आत घातला, तिचा हात धरला आणि खांद्यावरची दस्ती वरून टाकली. दोघंही सिग्नलकडे बघत होते. मी टाचा उंचावल्या, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग लेकीचे डोळे भरून आले आणि ती खळखळून हसली. गाडी हलली. दादांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली.

पुढच्या बाजारात ते एका बेपाऱ्याला सांगत होते, "नाव मोठं असून उपयोग न्हाई, दारात कोण येतं ते बघायचं. आमच्या पोरीसाठी मीच हुडकलं ते."

मी जवळ सरकलो. "दादा, स्टेशनवर किती बोटं धरली होती?"

दादांनी आभाळाकडे बघितलं.

"दस्तीखालचं हाय," ते म्हणाले.