बुजवलेल्या विहिरीचा फोटो

एवढी नोकरी झाली, पण नरखेड तालुक्यातलं ते प्रकरण आठवलं की आजही हायसं वाटतं. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात फौजदार होतो.

एका संत्रा बागायतदाराचा धाकटा भाऊ होळीच्या दिवशी भांडून घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. पंधरा दिवसांनी शेजाऱ्यानं खबर दिली, "साहेब, मोठ्यानं भावाले मारून जुन्या विहिरीत टाकलं अन् विहीर बुजवली."

थोरल्याला ताब्यात घेतलं. आवाज चढवला, धमकावलं, जबाब एकच. "विहीर तं संक्रांतीच्या आधीच बुजवली, साहेब. तवा भाऊ घरीच होता. मी काहून मारीन त्याले?" गाव दोन्हीकडून बोलत होतं. चाळीस हात भराव उपसायला महिना लागला असता.

नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात भूजल शोधायला विमानातून काढलेले फोटो तपासतात, असं कळलं. आमच्या भागाचे फोटो त्याच वर्षीच्या माघातले, म्हणजे संक्रांतीनंतरचे पण होळीच्या आधीचे होते. वरिष्ठांचं पत्र घेऊन गेलो. तिथे फोटो तपासणाऱ्या बाईंनी फोटो आणि भिंग पुढे केलं. घटनास्थळाचा नकाशा काढताना उत्तर वर, ही आम्हा पोलिसांची सवय; फोटोही तसाच धरला. बागेच्या कडेला, विहिरीच्या जागी गोल, खोल खड्डा दिसला. म्हणजे माघात विहीर उघडीच होती आणि थोरला खोटं बोलत होता. खरं सांगतो, मला आनंद झाला.

बाईंनी फोटो उलटा फिरवला. "आता बघा, साहेब."

खड्ड्याच्या जागी ढीग होता.

"थंडीत सावली उत्तरेला पडते. उत्तर वर धरली की डोळा फसतो, उंचवटा खड्डा वाटतो. सावली आपल्याकडे आली पाहिजे." मग त्यांनी जोडीचे दोन फोटो दोन भिंगांच्या यंत्राखाली मांडले. ढीग चांगला वर उठून दिसला.

तो ढीग मी ओळखला. पावसात भराव खाली बसतो, म्हणून बुजवलेल्या विहिरीवर शेतकरी जास्तीची माती रचून ठेवतात. थोरला खरं बोलत होता.

शेजाऱ्याला पुन्हा समोर बसवलं. मान खाली घालून म्हणाला, "बांधाचा राग होता, साहेब."

तोवर आम्ही प्रेत शोधत होतो, आता माणूस शोधू लागलो. आठवड्याभरात धाकटा शेजारच्या जिल्ह्यात एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला सापडला. ठाण्यात थोरल्यानं त्याच्या कानाखाली एक दिली आणि गळ्यात पडून रडला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

संशयिताच्या आधी स्वतःच्या खात्रीची उलटतपासणी घ्यावी, हे मी तिथे शिकलो. बाई त्या वेळी चहाला गेल्या असत्या, तर तोच फोटो मी थोरल्याविरुद्ध पुरावा म्हणून जोडला असता. थोरला पुढे दर हंगामात संत्र्यांची टोपली पाठवायचा. मी ती घेत राहिलो, पण त्या फोटोचं त्याला कधी सांगू शकलो नाही.