ग्रुपवर टाकलेले माझे पाय

माझ्या उघड्या पायांचा फोटो काढला आणि लॉजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गेटवर हे जनावर कुणी बांधलंय? बूट घालायची अक्कल नसेल तर घरी जाऊन मर.'

फोटो काढणारा, लिहिणारा आमचा मॅनेजर. माझ्या नातवाच्या वयाचा. शिर्डीत त्याच्या लॉजवर मी गेट सांभाळतो. ड्रेसबरोबर मिळालेले बूट लहान. दुपारी टाच सोलली म्हणून काढून बाजूला ठेवले. ज्या गावात लोक अनवाणी दर्शनाला जातात, तिथं माझेच पाय घाण झाले.

मला वाचता येतं, पण अक्षराला अक्षर लावून. मेसेज दोनदा वाचला. मग त्याखाली कुणी काय टाकलंय ते बघितलं.

आमच्यात रीत पडलीय. साहेबाचा मेसेज आला की सगळ्यांनी खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं. शिव्या असल्या तरी टाकायचं. जो टाकत नाही त्याची आठवड्याची सुट्टी बंद. रूमबॉयने टाकलं. किचनवाल्यांनी टाकलं. माझी सून तिथंच खोल्या आवरते. तिनेपण टाकलं.

घरी आल्यावर ती माझ्याकडं बघेना. म्हणाली, "आबा, काय करू? न्हाई टाकलं तर मला उद्या येऊ नको म्हणतील."

तिचा राग आला नाही. सासऱ्याला जनावर म्हणलेलं तिला हात जोडून घ्यावं लागलं, त्याचा आला. लई आला.

सकाळी वरच्या मजल्यावर त्याच्या केबिनमध्ये गेलो. मॅनेजर हसला.

"या काका, चहा घ्या. मनावर घेऊ नका हो. ग्रुपवर कडक लिहावंच लागतं, त्याशिवाय स्टाफ हलत नाही."

"एकटं असलं की काका. चार लोकांत जनावर. व्हय?"

"तसं नाही..."

"'काका, गेटवर बूट घाला' एवढं लिहिलं असतंस तर तुझं बोट झिजलं असतं का?"

"नीट बोला. मी मॅनेजर आहे."

"नीटच बोलतोय. ग्रुपवर लिहिलंस, ग्रुपवरच माफी लिही."

तो मोबाईलला हात लावीना. मला टाइप जमत नाही. त्याच्यासमोर उभं राहूनच मी ग्रुपवर माझा आवाज भरला, "मी गेटवरचा म्हातारा बोलतोय. मला जनावर म्हणलेलं चालणार न्हाई. काम चुकलं तर सांगा. माणसाला सांगतात तसं सांगा."

थोड्या वेळात त्यानं मला ग्रुपातून काढलं.

काढू दे. मी गेट सोडलेलं नाही. आता मला जे सांगायचं ते त्यानं खाली उतरून, माझ्यापुढं उभं राहून, अहो-जाहो करून सांगायचं. तसं जमत नसेल तर मी गेटवरच्या खुर्चीवरून उठणार नाही.