लग्नापुरते बहिरे

कामरगावच्या बाजारात हबीब काझींचं दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, दावी, वेसणी, आणि पोळा जवळ आला की दारावर टांगलेल्या घुंगरमाळा. काझीसाहेब खाली मान घालून दोर वळत बसलेले असत. रस्त्याने बैलगाडी गेली की वर न बघताच म्हणत, "धनजवाल्या पाटलाची जोडी गेली. डाव्या बैलाच्या माळेतलं एक घुंगरू फुटलं, सांगा त्याले." असा तिखट कान. पण हाच माणूस लग्नाच्या मांडवात शिरला की बहिरा व्हायचा.

आमच्यात निकाहाच्या वेळी मुलगी आतल्या खोलीत असते. घरातला एक वडीलधारा तिचा वकील म्हणून दोन साक्षीदार घेऊन आत जातो आणि विचारतो, अमक्याच्या मुलाशी तुझा निकाह लावतोय, कबूल आहे ना? मुलगी ओढणीत तोंड खुपसून बसलेली. कुणीतरी मावशी मागून तिचं डोकं हळूच पुढे ढकलते, बायका म्हणतात, "हलवली, हलवली मान!" आणि वकील बाहेर जाऊन काझीला सांगतो की मुलगी राजी आहे. आसपासच्या सगळ्या गावांत हेच चालायचं. काझीसाहेब मात्र वकिलाच्या मागोमाग उठायचे, पडद्याच्या अलीकडे उभे राहायचे, तळहात कानामागे धरायचे आणि म्हणायचे, "मले कमी ऐकू येते, बेटा. जरा जोरात बोल."

आत खसखस पिकायची. बाहेर पुलाव निवत असायचा, वरातीतले म्हातारे घड्याळं बघत असायचे. काझीसाहेब ढिम्म हलत नसत. "मान हलवली म्हणता? मान तं बैलबी हलवते, माशी बसली का. मले आवाज पायजे." शेवटी पडद्यामागून बारीकसा आवाज यायचा, "कबूल है," आणि काझीसाहेब जग जिंकल्यासारखे मांडवात परत यायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे. कुणी त्यात फारसं काही पाहिलं नव्हतं.

दिसायला अगदी साधे होते. बुटके, दाढी मेंदीने लाल केलेली, सदऱ्याला कायम तागाचं कूस चिकटलेलं. जन्म धनजच्या शेतकरी घरातला. तरुणपणी दूर हैदराबादेकडच्या मदरशात राहून पेटीभर किताबं घेऊन परत आले, पण बोली बदलली नाही. आमच्या घरांत हिंदी-उर्दूची खिचडी चालायची. काझीसाहेब मात्र लग्नातला उपदेशसुद्धा वऱ्हाडीत करत. मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, कापसाचे व्यापारी होते, त्यांना उर्दूचा फार अभिमान. त्यांना ते ऐकताना घाम फुटायचा. "काझीसाहेब, पाहुणे काय म्हणतील?" असं त्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "ज्या बोलीत मानूस भांडते, त्याच बोलीत त्याले समजते."

आता माझी गोष्ट सांगते. त्याशिवाय काझीसाहेब तुम्हाला कळायचे नाहीत.

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. मी मॅट्रिक झाले होते आणि अकोल्याच्या अध्यापक विद्यालयात माझा नंबर लागला होता. अब्बा लहानपणीच गेलेले, घर चालायचं बडे अब्बांच्या, म्हणजे मोठ्या काकांच्या शब्दावर. त्यांनी मालेगावच्या एका दुकानदाराचं स्थळ आणलं. माणूस वाईट नव्हता, हे आजही सांगते. वयाने बराच मोठा होता, आणि त्याच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आमच्याकडच्या सुना नोकरीला जात नाहीत. म्हणजे अकोला संपलं. अम्मी रात्रंदिवस डोळे पुसायची, पण बडे अब्बांसमोर तोंड उघडायची तिची टाप नव्हती. आणि माझं म्हणाल तर त्या घरात मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. नाही म्हणायचं ठरवून मी बसले होते, असं मुळीच नाही.

बडे अब्बा वकील म्हणून आत आले, भराभर बोलले आणि उत्तराची वाट न बघता वळले. खालाने, म्हणजे मावशीने, माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "शमीम बेटा, मी हबीब काझी. मालेगाववाल्यांच्या पोराशी तुह्या निकाह लावाले सांगून राह्यले. तू राजी हायेस का? हो म्हन नाहीतं नाही म्हन. पन मले ऐकू आलं पायजे."

"नाही म्हन" हे दोन शब्द मी उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकले. नाही म्हणता येतं, हेच मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "नाही."

काझीसाहेबांनी पुन्हा विचारलं, आणि आवाज जराही बदलला नाही त्यांचा. मी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने. मग ते इतकंच म्हणाले, "ऐकू आलं, बेटा."

बाहेर जे झालं ते मला नंतर दहा तोंडांनी कळलं. काझीसाहेबांनी मांडवात उभं राहून सांगितलं, "पोट्टी राजी नाही. निकाह होनार नाही." बडे अब्बा ओरडले, मुलगी गांगरली आहे, तिला काय कळतं, तुम्ही पढा. काझीसाहेब म्हणाले, "भाईजान, मी वेसनी इकतो. वेसन बैलाच्या नाकात घालतेत. पोरीच्या नाही." वरात उठायला लागली, तर हेच आडवे झाले. "निकाह नाही झाला, पन पुलाव तं झाला हाये. उपाशी जाल तं आमच्या गावाची इज्जत जाईल." आणि स्वतः नवऱ्यामुलाला शेजारी बसवून जेवले. तो बिचारा मुकाट्याने जेवला आणि जाताना म्हणाला म्हणे, जबरदस्तीची बायको मलाही नको होती.

खरा भडका उडाला तो पुढच्या जुम्याला. नमाज झाल्यावर मशिदीच्या अंगणात सदरसाहेबांनी विषय काढला. ते काही अडाणी नव्हते, त्यांचाही अभ्यास होता. कुंवाऱ्या मुलीची खामोशी हीच तिची रजामंदी, असं बुजुर्गांनी सांगून ठेवलंय की नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मग तुम्ही मुलींना बोलायला लावता, ही कुठली नवी रीत? लोकांनी माना डोलावल्या. अंगणाच्या भिंतीपलीकडे आमचं परसदार होतं. मी आणि अम्मी भिंतीला कान लावून उभ्या होतो.

काझीसाहेब शांतपणे म्हणाले, "सांगतलं हाये. अगदी बरोबर. पन कोनासाठी सांगतलं? लाजरी पोरगी असंल, तिच्या तोंडातून शब्द फुटत नसंल, तं तिले तंग करू नका, म्हनून. ती सवलत पोरीले देल्ली हाये, सदरसाहेब. तिच्या बापाले नाही, काकाले नाही, अन् मले तं नाहीच नाही. सवलत तिची, अन् वापरता तुमी?"

सदरसाहेब म्हणाले, शेकडो वर्षांचे आलिम, एवढे मोठे विद्वान, काय चुकीचं वाचत आले?

"त्यायनं बरोबर वाचलं. आपन आपल्या सोयीचं ऐकलं. जिले घरात कधी तोंड उघडू देल्लं नाही, तिच्या चुप्पीची गवाही मी अल्लासमोर कशी धरू? ती लाजून चूप हाये का भिऊन, हे मले पडद्याबाहेरून कसं समजनार?"

अम्मी माझ्या शेजारी भिंतीला टेकून रडत होती. तिच्या निकाहात तिला कुणी विचारलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण त्या रात्री ती बडे अब्बांच्या समोर गेली आणि म्हणाली की शमीम अकोल्याला जाईल. त्या घरात अम्मीचा आवाज इतका मोठा मी पहिल्यांदाच ऐकला.

कमिटीने काझीसाहेबांकडून निकाह पढवायचं काम काढून घेतलं. बाहेरून एक मौलवी आणला. काही घरांनी दुकानात येणंही बंद केलं. मी लाजेने चूर झाले होते. सुट्टीत घरी आले तेव्हा दुकानावर जाऊन म्हटलं, माझ्यामुळे झालं हे. ते दोर वळता वळता माझ्यावर खेकसले, "तुह्यामुळं? मी किताब वाचाले तुले इचारून गेल्तो का?"

याच सुमारास इंगोले मास्तर कामाला लागले. हे आमच्या शाळेतले शिक्षक, बौद्ध, काझीसाहेबांचे जुने दोस्त आणि जुने वैरीही. रोज संध्याकाळी दुकानाच्या फळीवर बसून दोघं वाद घालायचे. मास्तरांनी ठरवलं की बाजारच्या दिवशी जाहीर सभा घ्यायची, अकोल्याचे सुधारक पुढारी आणायचे आणि काझीसाहेबांचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा. काझीसाहेबांनी साफ नकार दिला.

"मास्तर, मी सुधारक नाही. मी काझी हावो. जे लिहिलं हाये ते वाचलं."

"पन काझीसाहेब, हे मशिदीच्या अंगनात भांडून होत नसते. उद्या तुमच्यासारखा काझी नसला तं पोरीनं काय करावं? कायदा लागते. सरकार लागते. धरम घरात ठेवा अन् हक्क चव्हाट्यावर आना."

"आना नं, मी कुठं नाही म्हनतो? पन माह्या खांद्यावर बंदूक नका ठेवू. तुमाले किताबाले हरवाचं हाये. मले किताबाचीच बाजू मांडाची हाये."

"आमी तं ते जुनं घरच सोडलं, काझीसाहेब. छपन साली उठलो अन् निघालो. तुमी अजून छप्पर शाकारून राह्यले."

"माह्यं घर हाये, मास्तर. गळते म्हनून सोडून देऊ?"

हा वाद त्यांच्यात शेवटपर्यंत मिटला नाही. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटायचं. पुढे नोकरीत मुलींची गाऱ्हाणी ऐकता ऐकता मी मास्तरांच्या बाजूला अधिक झुकले, आणि हे मी काझीसाहेबांना तोंडावर सांगितलंही. त्यांना राग आला नाही. "कोनाच्याबी बाजूनं बोल," म्हणाले, "पन बोल."

तर सभेचं सांगत होते. मास्तरांचा बेत होता की मलाही व्यासपीठावर बसवायचं. काझीसाहेबांनी वळलेला दोर खाली ठेवला आणि म्हणाले, "तिले इचारलं का?" मास्तर चपापले. पण माणूस सच्चा. दुसऱ्या दिवशी सायकल मारत आमच्या दारात आले, अम्मीला सलाम केला आणि मला विचारलं, "बाई, येतेस का सभेत?" मी म्हटलं, "नाही, गुरुजी." ते खो-खो हसले. "काझीसायबाचीच चेली हायेस तू!" सभा झाली. माझ्याशिवाय आणि सत्कारमूर्तीशिवाय झाली. मास्तर कायद्यावर फार सुंदर बोलले म्हणतात.

सत्तरचं दशक संपता संपता माझा निकाह झाला. कारंज्याच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणारे एक शिक्षक होते, त्यांनी आधी मला विचारलं आणि मगच घरी माणूस पाठवला. निकाह पढवायला कमिटीचे मौलवी. काझीसाहेब पाहुणे म्हणून आले आणि मांडवाच्या अगदी टोकाला, निंबाखाली, मास्तरांशेजारी बसले. या वेळी वकील अम्मीचे भाऊ होते. मामू आत आले, त्यांनी विचारलं, आणि खालाचा हात सवयीने माझ्या डोक्याकडे आला. मी तो बाजूला केला. काझीसाहेब कुठे बसलेत ते मला अम्मीने सांगितलं होतं. तिथवर पोचेल एवढ्या आवाजात मी म्हटलं, "कबूल है!"

मांडवात हशा पिकला. मौलवीसाहेब दचकले. हसू विरताना निंबाखालून आवाज आला, "ऐकू आलं, बेटा! ऐकू आलं!" मास्तर सांगायचे की म्हाताऱ्याने तेव्हा सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि बाहीवरचं कूस डोळ्यात गेलं म्हणून बहाणा केला. मला त्या माणसाचा केवढा अभिमान वाटला, आणि स्वतःचाही, ते मी कुणापाशी लपवत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. त्यांच्याकडून काढून घेतलेलं काम कमिटीने त्यांना कधी परत दिलं नाही. जनाज्याला सदरसाहेब आले होते. त्यांनी खांदा दिला आणि सगळे गेल्यावरही बराच वेळ कबरीपाशी उभे राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. इंगोले मास्तर महिनाभर संध्याकाळी त्या बंद दुकानाच्या फळीवर एकटेच येऊन बसत.

परवा कामरगावला एका पुतणीच्या निकाहाला गेले होते. मी आतल्या खोलीत मुलीजवळ बसले होते. वकील विचारायला आले तशा बायका तिला म्हणायला लागल्या, "जोरसे बोल गं, काझीसाब बहिरे हैं." पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर काझी तिशीतला पोरगा, चांगला धडधाकट. वकिलाच्या मागोमाग येऊन पडद्याशी उभा राहिला होता आणि त्याने तळहात कानामागे धरला होता. पोरगी खणखणीत बोलली.

जेवताना मी त्याला विचारलं, "बेटा, तुझे कान तर चांगले दिसतात. मग हे काय?"

तो बिचारा बाहेरगावचा, नुकताच आलेला. जरा गोंधळलाच. म्हणाला, "इकडची रीतच आहे ना, खाला? लग्नात काझीला कमी ऐकू येतं."