निर्मलाताई साटम आणि मुलुंडची शनिवारची चीन-बैठक

गौरवग्रंथाच्या समितीने लेख मागितला तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आता गणपती तोंडावर आले आहेत. उशिराबद्दल समितीची आणि ताईंची क्षमा मागतो. लिहायचा कंटाळा केला असे कृपया कोणी समजू नये. शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण खरे कारण असे की इतके दिवस मी ताईंसाठी मुलुंडमध्ये भाड्याची जागा शोधत फिरत होतो, आणि ती अजून मिळालेली नाही. ताईंची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे. दिवाळीनंतर बिल्डर घरे रिकामी करून घेणार. तोवर जागा मिळाली नाही तर ताई बंगळुरूला मुलाकडे जातील, आणि पंचाहत्तराव्या वर्षी गेलेले माणूस इमारत उभी राहिल्यावर परत येईल याची मला खात्री वाटत नाही. त्याविषयी शेवटी लिहितो. आधी गौरवाचे लिहायला हवे.

ज्यांना ताई केवळ नावाने ठाऊक आहेत त्यांच्यासाठी सांगतो. श्रीमती निर्मलाताई साटम तरुणपणी दिल्लीला राहून चिनी भाषा शिकल्या. त्या काळी नात्यातली माणसे त्यांना विचारत, "शिकून बोलणार कोणाशी? चिनी दाताच्या डॉक्टरशी?" पुढे फोर्टमधल्या एका आयात-निर्यातीच्या कचेरीत त्यांनी पत्रे आणि मशीनची माहितीपुस्तके भाषांतरित करण्याचे काम निवृत्त होईपर्यंत केले. निवृत्तीनंतर त्या मुलुंड पूर्वेला घरी असत. तिथेच माझी त्यांची पहिली भेट झाली.

साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. स्विचबोर्डाच्या पाट्या आणि पंख्याच्या रेग्युलेटरची बटणे आम्ही करतो. प्लास्टिकचा दाणा वितळवून साच्यात दाबणारे एक चिनी मशीन माझ्या मुलाने, महेशने, घेतले होते. पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतील असे विकणाऱ्याने सांगितले होते, आली ती चिनी. एके दिवशी मशीन बंद पडले आणि पडद्यावर लाल अक्षरे दिसू लागली. मेकॅनिक येऊन डोके खाजवून गेला. मला रात्रीची झोप लागेना. कोणीतरी ताईंचा पत्ता दिला, तसा मी मोबाइलमध्ये फोटो घेऊन मुलुंड गाठले.

ताईंनी चष्मा लावला आणि फोटो पाहिला. "मशीनचं पुढचं दार उघडं आहे म्हणतंय."

"दार बंद आहे ताई. मी स्वतः बघितलं."

"मग दाराच्या बटणाला तुम्ही लोकांनी काय केलंय?"

मग मला खरे ते सांगावे लागले. आमच्या भागात बऱ्याच गाळ्यांत एक पद्धत आहे. मशीनच्या सरकत्या दाराला सुरक्षेचे बटण असते. दार उघडले की मशीन थांबते. कारागीर ते बटण तारेने दाबून बांधून टाकतात, म्हणजे दार उघडे ठेवून माल पटापट काढता येतो. जुनी मशीन हे चालवून घेत. या मशीनला दोन बटणे होती. आमच्या कारागिराने एकच बांधले होते, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून मशीन अडून बसले होते.

ताई म्हणाल्या, "अशा पुस्तकांत यावर अख्खं पान असतं. वर हाताचं चित्र असतं, बोटं नसलेलं. आधी तार काढा, तिचा फोटो मला पाठवा. मग बाकीचं वाचून देते."

तार काढल्यावर मशीन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः बसने साकीनाक्याला आल्या, स्टुलावर बसून त्यांनी पडद्यावरचा एक एक संदेश वाचला, आणि महेशने तो मराठीत लिहून मशीनवर चिकटवला. मोबदला काय द्यायचा विचारले तर म्हणाल्या, "चहा द्या. कटिंग नको, पूर्ण द्या."

हळूहळू आमच्यासारखे आणखी गाळेवाले त्यांच्याकडे जाऊ लागले. जो तो एकच विचारी, अमुक चिनी कंपनी मोठी आहे म्हणतात, तिच्या मशीनवर भरवसा ठेवावा का? ताई म्हणाल्या, "मला मशीन कळत नाही, मला वाचता येतं. कंपनी स्वतःविषयी काय लिहिते ते मी वाचून दाखवते. भरवसा तुमचा तुम्ही ठरवा." अशी ताईंच्या घरी शनिवार संध्याकाळची बैठक सुरू झाली. चीनच्या मोठमोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल ताई छापून आणत आणि समोर धरून थेट मराठीत सांगत.

त्यांची वाचण्याची रीत सर्वांनी शिकण्यासारखी आहे. अहवाल त्या शेवटाकडून सुरू करीत. कंपनीवर कोणते दावे चालू आहेत, ती कोणाकोणाच्या कर्जाला जामीन राहिली आहे, कोणत्या गिऱ्हाइकावर ती फार अवलंबून आहे, ही बारीक अक्षरांतली पाने आधी. अध्यक्षांचे भाषण पहिल्या पानावर असले तरी ते सर्वांत शेवटी. त्या म्हणत, "लग्नात मुलीचा बाप मुलीविषयी काय बोलणार ते सगळ्यांना माहीत असतं. आधी शेजाऱ्यांना विचारावं."

बैठकीत एक नियमही होता. 'चायना माल' हा शब्द तसाच उच्चारायचा नाही. ज्याला उच्चारायचा असेल त्याने माल कोणत्या कंपनीचा, कोणत्या शहरातला, हे सांगायचे. घाटकोपरचे हार्डवेअरचे व्यापारी शांतिभाई पहिल्याच शनिवारी म्हणाले, "ताई, चायना माल म्हणजे चला तो चाँद तक, नहीं तो शाम तक."

"कोणाचा माल, शांतिभाई?"

"अब वो कोण लक्षात ठेवणार?"

"म्हणजे वाईट माल कोणी दिला ते तुम्हाला ठाऊक नाही. मग पुढच्या वेळी त्याच्याकडूनच घ्याल."

त्यानंतर शांतिभाई खोक्यावरचे नाव कापून खिशात घालून आणू लागले.

चीनमधल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या कोणत्या, यावर एकदा बोलणे निघाले. आम्हा सगळ्यांना वाटले, मोबाइलवाल्या. ताईंनी विक्रीच्या क्रमाने यादी वाचली. बँका बाजूला ठेवल्या. म्हणाल्या, आपण माल करणारी माणसे. पुढे पाहतो तर वरच्या ओळींत देशभर वीज पोहोचवणारी सरकारी कंपनी, मग तेलाच्या कंपन्या, मग रस्ते आणि इमारती बांधणाऱ्या. घरपोच सामान विकणारे, मोबाइलवाले आणि विजेच्या गाड्या करणारे त्यांच्यानंतर.

शांतिभाई हिरमुसले. "ही तर आपल्या वीजवाल्यांसारखी झाली, ताई. घर बंद असलं तरी बिल येतं."

"अख्ख्या देशाला दिवा लावायला तिच्याचकडे जावं लागतं, म्हणून ती मोठी. मोठी आहे म्हणून हुशार आहे असं मी म्हटलं नाही, आणि सरकारी आहे म्हणून बावळट आहे असंही नाही. पुढे वाचू?"

विक्री आणि नफा यांतला फरक मला नीट कळत नव्हता, आणि सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटे. ताईंनी ते ओळखले असावे. त्या सर्वांना उद्देशून बोलल्या, पण उदाहरण आमच्या गाळ्याचे घेतले. "परबांच्या गाळ्यातून वर्षभरात जेवढा माल बाहेर गेला, त्याची सगळी बिलं एकावर एक रचा. तो ढीग म्हणजे विक्री. आता त्यातून दाणा, वीज, पगार, भाडं काढा. परब, काय उरतं?"

"फार नाही ताई. काळजी उरते."

"मोबाइल जोडून देणाऱ्या कारखान्यांचंही तसंच. ढीग डोंगराएवढा, हातात उरतं थोडं. म्हणून ढीग बघून घाबरू नका आणि भुलूही नका." सातवी शिकलेल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले की या बैठकीत आपणही बसू शकतो.

ताईंकडून चूक होत नसे असे नाही. बॅटऱ्या करणाऱ्या एका कंपनीने गाड्या करायला घेतल्या होत्या. ताईंचे मत होते की हे तिला पेलणार नाही, आणि ते त्यांनी ठासून सांगितले होते. पुढे त्या गाड्या देशोदेशी जाऊ लागल्या. आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही नव्हते. एका शनिवारी चहाच्या आधी ताई म्हणाल्या, "त्या कंपनीविषयी मी चुकले होते. का चुकले ते सांगते. मी त्यांचं गाड्यांचं प्रकरण वाचलं, बॅटरीचं घाईत उलटलं. त्यांची ताकद तिथं होती." मग त्यांनी ते पूर्ण प्रकरण वाचून दाखवले. अशी चूक सांगणारी विद्वान माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

चीनच्या सीमेवर गडबड झाली त्या वर्षी, टाळेबंदी सैल होऊन बैठक पुन्हा भरू लागली तेव्हा, तिच्यावर बालंट आले. ताईंच्या इमारतीतले एक गृहस्थ दारात येऊन म्हणाले, "आपली माणसं तिकडे जीव देतात आणि तुम्ही इथं त्यांच्या कंपन्यांचं पारायण करता?" मी तर चपला घालायला निघालो होतो. ताईंनी त्यांना आत बोलावले, खुर्ची दिली. म्हणाल्या, "ज्याच्याशी भांडण आहे त्याचं घर आधी नीट बघून ठेवावं. आज तो कुठल्या वस्तूसाठी आपल्याला अडवू शकतो, तेच वाचतोय. बसा, ऐका." ते गृहस्थ बसले. पुढे तेच आमच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवू लागले.

आता माझ्या घरचे एक सांगतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी पत्नी मालती हिला श्वास पुरेना. इस्पितळात खाट मिळेना. महेशने कुठूनसे ऑक्सिजनचे यंत्र आणले. तेही चिनी, सोबतचा कागदही चिनी. आम्ही कांदिवलीला, ताई मुलुंडला, आणि कोणाला घराबाहेर पडता येत नव्हते. मी ताईंना व्हिडिओ कॉल लावला. मला फोन कागदावर नीट धरता येईना, त्यांना कागद दिसेना. त्या म्हणाल्या, "परब, फोन महेशकडे द्या आणि तुम्ही पाणी उकळायला ठेवा." यंत्राच्या बाटलीत नळाचे पाणी घालायचे नाही, उकळून गार केलेले घालायचे, दोन रेघांच्या मध्ये, मागची जाळी भिंतीला टेकू द्यायची नाही, ऑक्सिजनचा आकडा डॉक्टर सांगतील तेवढाच ठेवायचा. यंत्र सुरू होऊन मालतीला जरा बरे वाटेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मग तेच सारे त्यांनी सावकाश मराठीत बोलून मोबाइलवर पाठवले. ते ऐकून भांडुपला, कुर्ल्याला, चेंबूरला ओळखी-अनोळखी घरांत यंत्रे चालली. ताईंच्या घरी तेव्हा त्या एकट्या होत्या. तुम्ही कशा आहात, असे त्यांना कोणी विचारले की नाही ते मला ठाऊक नाही. मी विचारले नव्हते, एवढे ठाऊक आहे. मालती आज धडधाकट आहे आणि हा लेख लवकर संपवा म्हणून माझ्यामागे लागली आहे.

म्हणून आता जागेचे लिहितो. ताई रागावतील, पण रागावल्या तरी चालेल.

ताईंचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला हवा, किंवा लिफ्ट हवी, आणि ती चालणारी हवी. बिल्डर भाडे देणार आहे, त्यामुळे पैशांची अडचण नाही. अडचण बैठकीची आहे. मागच्या आठवड्यात स्टेशनजवळ एक चांगली जागा पाहिली. आत जाण्याआधी मी ताईंना म्हणालो, "शनिवारचं विचारलं तर भजन असतं म्हणा."

"परब, भजन म्हटलं तर पुढच्या शनिवारी मला भजन म्हणावं लागेल. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही."

घरमालकांना आजी एकट्या राहणार हे आवडले. शनिवारी काही मंडळी येतात, हे कमी आवडले. कशासाठी, असे त्यांनी विचारले आणि ताईंनी खरे ते सांगितले. घरमालक हसले, मग हसायचे थांबले. "चिनी कंपन्या? पोलिसबिलिस येणार नाहीत ना हो?" दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचा राहायला येणार असल्याचे कळवले.

शांतिभाई मला म्हणाले, "अरे परब, तू एवढा टेन्शन घेतोस तर स्वतःच्या घरात बसव ना बैठक."

"चौथा मजला आहे रे, लिफ्ट नाही. त्यांना काय उचलून नेऊ?"

"मग तुझा गाळा?"

गाळ्याच्या मागची खोली मी ताईंना देऊ केलीच होती. त्या म्हणाल्या, "रात्रभर तुमचं मशीन दणदण करणार आणि मी त्याचे संदेश वाचत पडणार."

परवा त्यांच्या घरी गेलो तर अहवाल खोक्यात भरून ठेवलेले दिसले. मी विचारले, "ताई, तुम्हाला जायचंय का बंगळुरूला?"

खोक्याला दोरी बांधत त्या म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे. पण तिथं शनिवारी कोण येणार? दिवाळीपर्यंत जागा मिळाली तर राहीन. नाही मिळाली तर मुलाला हो म्हणेन. मग त्याला नाही म्हणता येणार नाही, परब."

ताईंना उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, असे या ग्रंथात सगळेच लिहितील. मीही मनापासून लिहितो. पण ते आयुष्य त्यांनी मुलुंडमध्ये, आपल्या माणसांत, त्यांना हवे तसे घालवावे ही माझी इच्छा आहे, आणि ती नुसत्या शुभेच्छेने पुरी होणार नाही. हा ग्रंथ छापून हातात पडेपर्यंत दिवाळी येऊन ठेपेल. म्हणून समितीला हात जोडून विनंती, की लेखाचा एवढा शेवट तरी आजच सर्वांना मोबाइलवर पाठवावा. मुलुंड नाही तर भांडुप, नाहूरही चालेल. दहाबारा माणसे बसतील एवढी एक खोली हवी, आणि शनिवारी काय चालते ते खरे सांगितल्यावरही हो म्हणणारा मालक हवा. कोणाच्या ओळखीत असे घर असेल तर समितीकडे माझा नंबर आहे, केव्हाही फोन करावा. नसेल तर नाही म्हणून तरी सांगावे, म्हणजे मी दुसऱ्या कोणाला विचारीन. ताईंची अर्धी खोकी भरून झाली आहेत. लवकर कळवा.

दत्ताराम परब
कांदिवली