गाडीचा खांदा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, तर मोठ्या भावाचे. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. त्यानं दप्तर खुंटीला टांगलं आणि औत धरलं. मी शिकत राहिलो, मेकॅनिकल इंजिनियर झालो आणि आता मोताळ्याजवळच्या एका कॉलेजात मुलांना इंजिन शिकवतो. फळ्यावर.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी नवी गाडी घेऊन डोणगावजवळच्या आमच्या गावी गेलो. दादाचा गोठा रिकामा होता. एक बैल उन्हाळ्यात गेला. दुसरा एकटा पडला म्हणून जळगाव जामोदला बहिणीकडे दिला. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. गरम पाण्यात हळद-तेल घालून पळसाच्या पानानं खांद्याला लावायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. वहिनीनं सवयीनं पाणी तापवलं होतं. दादा ते भांडं घेऊन अंगणात उभा राहिला, गाडीकडे बघत.

"हिचा खांदा कुठं हाय बे?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण प्रश्न माझ्या विषयातला होता. मी बॉनेट उघडलं, गाडीची ओढ कुठं तयार होते ते दहा मिनिटं समजावलं आणि इंजिनावर बोट ठेवलं. दादानं माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं. मग हात दुपट्ट्याला पुसले. माझ्या वस्तूला तो हात पुसूनच शिवतो, आणि शक्यतो शिवतच नाही. त्या दिवशी मात्र त्यानं पळसाचं पान भांड्यात बुडवून अख्खं इंजिन मनापासून शेकलं.

"आज आवतन घे, उद्या जेवायले ये."

मी फोटो काढला.

पोळा करून परतताना बुलढाण्याचा घाट उतरतो तोच समोर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. घरी पोचल्यावर दादाचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता सांगून गेलो.

त्यानं लगेच विचारलं, "माह्या हळदीनं तं नाही झालं ना?"

"हळदीनं इंजिन बिघडत नसते, दादा," मी हसून म्हणालो. अशा वेळी मला पदवीधरासारखं हसता येतं.

मग चार दिवस ती पदवी कामाला लावली. स्टिअरिंगखाली खोचून मोबाइलला जोडायचं यंत्र मागवलं. त्यानं हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बिघाडाचा कोड दाखवला. मी नवा सेन्सर आणून स्वतः बसवला, कोड पुसला, दिवा विझला. बायकोला आकृती काढून सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा पुन्हा लागला. आकृती फ्रिजवर तशीच होती.

शेवटी मोताळ्याच्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. मी कोड सांगत होतो तोवर त्यांनी सेन्सरच्या वायरचं सॉकेट काढलं, आत बोट फिरवलं आणि वास घेतला.

"सर, गाडीचं लगन होतं का?"

"काऊन?"

"हळद लागली ना हो हिले!"

अख्खं गॅरेज हसलं. चाचांनी सॉकेट स्प्रेनं धुतलं, वाळवलं, बसवलं. दिवा गेला. नवाकोरा सेन्सर मी त्याच पिवळ्या सॉकेटात खोचला होता.

आता दादाला काय सांगायचं? खरं सांगितलं तर तो माझ्या गाडीला पुन्हा कधी हात लावणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं माझी वस्तू आपली म्हणून हाताळली होती. खोटं सांगणं सोपं होतं, फोनवर तर फारच. म्हणून होस्टेलवरून लिहायचो तसं पत्र लिहिलं.

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

गाडीचा दिवा विझला. तुझा संशय खरा होता, हळदच होती. पण चूक तुझी नाही. तू खांदा विचारलास आणि मी पोट दाखवलं. बैलाचं पोट कोणी शेकतं का? तुला हे माहीत होतं, तरी मी शिकलेला म्हणून तू माझं ऐकलंस.

मिस्त्रीचाचांना विचारून आलो आहे. बॉनेट उघडायचंच नाही. वरचा पत्रा, दोन्ही दिव्यांच्या मागचा, तोच खांदा. तिथं हळद, तेल, गरम पाणी, सगळं चालतं.

पुढच्या पोळ्याला आदल्या दिवशीच येतो. वहिनीला पाणी तापवायला सांग. आणि हात पुसत बसू नकोस.

तुझा धाकटा