कांझायिरेने ऐकलेली कबुली

कांझायिरे आमच्या न्यारुगुरूच्या टेकडीवर चहा खुडायची. चाळीस वर्षं खुडून बोटं काळी पडलेली, जीभ मात्र तिखट. नवरा लवकर गेला, एकुलत्या एका मुलाला, सिरिदियोला, तिनेच वाढवलं. शेजारच्या दाफ्रोजावर बलात्कार केला म्हणून पोलीस त्याला घेऊन गेले, तेव्हा मळ्यात सगळ्यांदेखत ती दाफ्रोजाच्या पायाशी थुंकली. "माझ्या पोराला खाल्लंस, खोटारडे!"

खालच्या कोर्टाने त्याला पंधरा वर्षं दिली. तिथे तो शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला, "मी तिला हातही लावला नाही." कांझायिरेने ते मानलं. खरं सांगायचं तर आम्हीही मानलं. दाफ्रोजा ज्या ओळीत खुडायची, त्या ओळीत कुणी जाईना.

अपिलाच्या दिवशी मी कांझायिरेसोबत गेले. बसमध्ये ती खुशीत होती. "बघशील वेनेरांडा, सोडतात त्याला आज. घेवडा भिजत घालून आलेय मी."

सुनावणी बंद दाराआड घ्यायची का, असं न्यायाधीशबाईंनी दाफ्रोजाला विचारलं. ती म्हणाली, "नको. तीन वर्षं सगळ्या टेकडीने मला खोटी म्हटलंय. ऐकू दे सगळ्यांना."

मग सिरिदियोचा वकील उठला. "माझा अशील गुन्हा कबूल करतोय. आमचं मागणं एवढंच, की शिक्षा कमी व्हावी. पहिलाच गुन्हा आहे, पश्चात्ताप झालाय, घरी म्हातारी आई एकटी आहे."

कांझायिरेने मला कोपर मारलं. "काय बोलतोय गं हा?"

न्यायाधीशबाईंनी सिरिदियोलाच विचारलं. कैद्यांच्या गुलाबी कपड्यांत तो मान खाली घालून उभा होता. "हो, मी केलं. माफी असावी." एवढंच. शेजाऱ्याच्या शेतात बकरी शिरल्याचं सांगावं, तसं.

कांझायिरे उभी राहिली. "मग मला का फसवलंस रे? दर शुक्रवारी तुरुंगात रताळी घेऊन येत होते मी!"

"माई, खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"बसते. पण म्हातारी आई आहे म्हणून त्याला सवलत देऊ नका, बाई. त्या कारणातून मला वगळा."

वकील कागद हातात धरून तसाच उभा.

महिन्याभराने निकाल लागला, बारा वर्षं. कबुली उशिरा आली, तरी कबुलीच आहे. पहिला गुन्हा आहे. आईचं कारण धरलेलं नाही, असं वाचून दाखवलं. दाफ्रोजा मोठ्याने म्हणाली, "तीन वर्षं मला खोटं पाडलं, त्याचं हे बक्षीस?"

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून करायचं गावकाम उरकून सभा भरली. कांझायिरे सगळ्यांपुढे उभी राहिली. "माझ्या पोराने ते केलंय. दाफ्रोजा खरं बोलत होती. मी तिच्यावर थुंकले, तुम्ही बघितलंत. आज हेही बघा." आणि ती दाफ्रोजापुढे गुडघ्यांवर बसली.

दाफ्रोजाने तिला उठवलं नाही. म्हणाली, "बोललात ते बरं केलंत. पण माझ्या दारात येऊ नका."

"नाही येणार," कांझायिरे म्हणाली, आणि आपली आपणच उठली.

सोमवारी मी दाफ्रोजाच्या ओळीत खुडायला गेले. तिने नुसती टोपली बाजूला सरकवून मला जागा दिली. माफी मागायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.