जीपच्या पोटाला शेणाचा गोळा

जो दुकानदार न मागता खुर्ची पुढे करतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा, हा माझा जुना नियम आहे. यवतमाळच्या त्या दुकानात मला खुर्ची मिळाली, पंखा माझ्याकडे वळवला गेला आणि चहाही आला. मी नातीच्या कानाशी लागून म्हटलं, "गेली आपली जीप."

नात जनावरांची डॉक्टर. जीप तिच्या आजोबांची, म्हातारी, चारही चाकांवर लोखंडी कमानपाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असलेली. नातीचं बरंचसं काम नाल्यापलीकडच्या तांड्यावर, आणि तिथं जायला आमच्या गावातून एकच पांदण रस्ता आहे. काळ्या मातीत ट्रॅक्टरांनी गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत आणि मधला उंचवटा तसाच राहिला आहे. जीपची चाकं चाकोरीत उतरली की पोट त्या उंचवट्यावर टेकतं, मग चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. मागच्या पावसाळ्यात जीप अशीच अडकली. नात चिखल तुडवत पायी पोचेपर्यंत अडलेली म्हैस पोटातल्या पिलासकट गेली होती.

नात दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, जाहीर केलं, "आता एक डाव जरी फसली, त मी जीप इकून टाकीन. नागपूरले कुत्र्यामांजराचा दवाखाना पाह्य, पंख्याखाली बसून काम कर."

कुत्र्यामांजरांशी तिचं काही वाकडं नाही. पण तांड्यावरच्या बाया तिला फोन करून "बाई, गाय खाऊन नाई राह्यली" म्हणतात ना, त्यावर ती जगते. म्हणून जीप उंच करायची ठरली, आणि तिला झेपेल इतक्या स्वस्तात. मी सोबत गेले, कारण ती पटकन विश्वास ठेवते. तिच्या वयात मीही तशीच होते, ते पुढे येईलच.

दुकानातल्या पोरानं आधी परदेशातल्या डोंगरांवर चढलेल्या जीपांची चित्रं दाखवली. नवे पाटे, नवे शॉकप, सगळा सेट. त्याची किंमत ऐकून नात पंख्याकडे पाहू लागली. मग पोरगा मवाळ झाला. त्यानं कपाटातून एक लोखंडी ठोकळा काढून माझ्याच हातात दिला.

"आजी, स्वस्तात काम करायचं तर हे. मागे ॲक्सल, म्हणजे तुमचा आस, आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा, पुढे लांब कड्या. अर्ध्या दिवसात गाडी चार इंच वर."

ठोकळा हातात आला आणि मला माझीच ओळख पटली.

नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. घरात दोन दमण्या होत्या. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. थोरल्या जावेची दमणी माझ्या दमणीपेक्षा वीतभर उंच होती. एवढंच. पण ती पुढे आणि मी मागे अशा निघालो की मला तिची फक्त पाठ दिसायची, आणि त्या पाठीवरही मला तोरा दिसायचा. मी नवऱ्याला न सांगता सुताराला गाठलं आणि दोन चाकं जोडणारा आस आणि वरचा बसायचा साटा यांच्या मध्ये बाभळीचे ठोकळे बसवून घेतले. सुतारानं एकदा विचारलं, "सूनबाई, भार वर जाईन, चालते काय?" मी म्हटलं, भार वर जाण्यासाठीच तर करून घेतेय. केवढी अक्कल होती माझी, आणि तीही सगळी वापरायची घाई.

कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघालो. मी गादी टाकून दमणीच्या मागच्या टोकाला बसले, सगळ्यांना दिसेन अशी. नाल्याच्या चढाला आस दगडावर आपटला. कालपर्यंत ज्या दगडावर आपटायचा त्याच. कारण दमणी उंच झाली होती, आस होता तिथंच होता. तो धक्का बसला आणि गाडी उलाळ झाली, म्हणजे मागचा भार इतका झाला की जू वर उचललं गेलं. बैलांनी माना ताणून नाकपुड्या फेंदारल्या आणि मी नव्या लुगड्यासकट नाल्यात, पाय आभाळाकडे करून. सासरे मागून चालत येत होते. त्यांनी आधी बैल सोडवले. मग माझ्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "सूनबाई, वरून देवळाचा कळस दिसला काय?"

जाऊ आज हयात नाही. हयात होती तोवर दर चतुर्थीला कळसाची चौकशी करायची.

म्हणून त्या दुकानात मी तोंड अगदी भोळं केलं. "बाळा, हे लावल्यावर खालचा आस बी वर येईन का रे?"

"येणार ना आजी. सगळंच वर येणार."

"चाकं हेच राहून?"

"हेच राहून."

मी चहा संपवला, ठोकळा टेबलावर ठेवला आणि उठले. "खुर्ची मात्र चांगली हाय तुमची," म्हटलं.

जीपमध्ये नात फणफणली. "आजी, तू सगळ्याइले चोर काहून समजतं?"

"सगळ्याइले नाई. जो चाक न बदलता आस उचलते, त्याले."

मग बोरी अरबच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बसायला दिलं नाही, तेव्हा जरा बरं वाटलं. तो जीपखाली गेला, बराच वेळ आतच राहिला आणि आतूनच बोलला. "चार इंच कायले? दोन पुरते. हेच पाटे ठोकून कमान चढवतो, दरेकात एक पट्टा जास्तीचा टाकतो. शॉकप लांब लागतीन, ब्रेकचा रबरी पाइप बी लांब लागन, नाईतर ताणून फाटते. पोट वर येईन. आस तिथंच राह्यते, तो टायर बदलल्याबिगर वर येत नाई."

आस तिथंच राहतो, हे त्यानं आपणहून सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला नवाच संशय आला. गिऱ्हाईक चार मागतं आणि हा दोन देतो. आपला धंदा आपणच कमी करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"बैल घेतानी आमी गाडीचं चाक बांधून, जुपून पाह्यतो," मी म्हटलं. "तू केलेली एखादी गाडी दाखव. नवी नको. पावसाळा खाल्लेली पाह्यजे."

"तांड्यावर जा. शेवटच्या घरच्या म्हाताऱ्याची दोन वर्साखाली केली."

"तुह्या ओळखीतला असन."

"तो माह्याशी बोलत नाई वो माय. भांडण हाय आमचं. गाडी तेवढी माह्याकडंच आणते."

हे मला आवडलं. तरी खात्री करायला दुसऱ्याच दिवशी तांडा गाठला. म्हाताऱ्यानं मिस्त्रीला पोटभर शिव्या दिल्या: उर्मट आहे, चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, फोन उचलत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् गाडी?"

"गाडी काय, गाडी चालते," तो इतक्या नाराजीनं म्हणाला की ते खरंच असणार.

मी पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले. त्याची म्हातारी धावत आली, "याडी, काय झालं तुले?" म्हणून माझे पाय ओढू लागली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी आतून ब्रेकचे पाइप चाचपत होते. कुठे ताणलेले नव्हते. पाटे कुठे तडकले नव्हते. पोटाच्या लोखंडावर खरचटल्याच्या जुन्या खुणा होत्या, त्यांच्यावर गंज चढला होता. नवी एकही नव्हती.

काम बोरीतच झालं. आम्हालाही चार दिवसांचे नऊ लागले. जीप घरी आली आणि दोन इंच वर झालेल्या तिच्यात चढताना माझ्या गुडघ्यानं निषेध नोंदवला. पण दोन इंच पुरतात हे अजून कोणी सिद्ध केलं होतं? मी गोठ्यातून शेण आणलं, त्याचा मूठभर गोळा करून जीपच्या पोटाला, जिथं उंचवटा घासायचा नेमका तिथं, थापला. कोणाला सांगितलं नाही.

तीन दिवसांच्या झडीनंतर दुपारी तांड्यावरून फोन आला. गाय अडली होती. नातीनं पिशवी उचलली. मुलगा ओट्यावर उभा होता. त्यानं जीप विकायचं तोंड करून ठेवलं होतं. ती पांदणीकडे वळली आणि मी मुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळानं पाहिलं तर दाणे टोपल्यात आणि टरफलं पातेल्यात टाकत होते.

दिवस मावळायच्या आत जीप परत आली. नातीचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. "गोऱ्हा झाला," ती म्हणाली. "दोघं बी उभे हायेत." मुलगा एकदम गायीबद्दलच विचारत सुटला, जशी काही जीप हा विषयच नव्हता. मी तेवढ्यात जीपशेजारी उकिडवी बसले आणि खाली वाकले.

गोळा होता. खालून तासल्यासारखा चपटा झाला होता, पण बोटभर जाड उरला होता. म्हणजे उंचवटा गोळ्याला घासला होता, पोटाला टेकला नव्हता.

"माय, काय पाहून राह्यली?" मुलानं विचारलं.

"चष्मा पडला."

"डोयावर हाय तुह्या."

तो माझ्याशेजारी वाकला. त्यानं खाली पाहिलं, बोटानं चाचपलं, बोट हुंगलं. "हे शेण इथं कोनं लावलं?"

"चिखलात शेण असतेच," मी म्हटलं. त्यानं बोट पुन्हा एकदा हुंगलं. माझ्यासारखाच आहे, कशावर विश्वास म्हणून ठेवत नाही.

जीप विकायचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही. सकाळी नात पुन्हा तांड्यावर निघाली, गोऱ्ह्याला पाहायला. मी सवयीनं जीपखाली डोकावले. तासलेला गोळा कोणीतरी काढून टाकला होता आणि त्या जागी नवा, चांगला गरगरीत गोळा लावला होता.

मी लावला नव्हता. नात अंघोळ करून तयार होती. आणि ओट्यावर बसून मुलगा, कधी नव्हे ते, हात साबणानं धुवत होता.